कारभारीचं लिंबू

पिशोरचा कारभारी धनगर फुटबॉलच्या नादी लागला तो पोलीस ॲक्शनच्या पुढच्या हिवाळ्यात. घोंगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन तो औरंगाबादेत विकायला आला होता. आमखास मैदानाच्या कडेला ही गर्दी कशाची म्हणून क्षणभर थांबला, आणि बघतो तर बावीस धडधाकट माणसं एका चामड्याच्या चेंडूमागं धावताहेत. आधी त्याला हसू आलं. मग हसू थांबलं, कारण धनगराच्या डोळ्याला कळप कुठं फुटणार हे इतरांच्या आधी दिसतं. डाव्या अंगाला मोकळी वाट पडली होती आणि तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. कारभारीच्या तोंडून आपसूक हाळी गेली, "हुर्र्याऽऽ, डाव्या अंगाला."

अर्ध्या कोसावरची मेंढरं वळवणारा तो आवाज. एका पोरानं दचकून चेंडू डावीकडं ढकलला आणि गोल झाला. ती पोरं नवजवान क्लबची होती. त्या दिवसापासून कारभारी नवजवान क्लबचा झाला. घोंगड्या विकायला पिशोरहून ये-जा करण्यापेक्षा त्यानं शहागंजात फुटपाथवर कायमची जागा धरली, दिल्ली दरवाजाजवळ खोली घेतली आणि बायकोला, साळूबाईला, घेऊन आला. लोकांना सांगायचा, धंद्यासाठी आलो. साळूबाई सांगायची, हे चेंडूसाठी आले.

आता लिंबाची गोष्ट. सत्तावन्न साली कपाच्या सेमीफायनलला नवजवानची पोरं हाफटाइमला जीभ बाहेर काढून पडली होती. कारभारीजवळ भाकरीबरोबर खायला आणलेली दोन लिंबं आणि पुडीत मीठ होतं. त्यानं ती कापली, मीठ लावलं आणि पहिली फोड कॅप्टनच्या हातावर ठेवली. कॅप्टननं ती चोखली, तोंड वाकडं केलं आणि पुढच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले. त्या वर्षी कपही आला. फुटबॉल खेळणाऱ्याइतका देवभोळा माणूस देवळातही सापडत नाही. तेव्हापासून नेमच पडला की हाफटाइमला कारभारीनं पितळी डबा उघडायचा, पहिली फोड कॅप्टननं घ्यायची, मग बाकीच्यांनी. अकरा वर्षांत कॅप्टन चार झाले, लिंबू तेच राहिलं. कारभारी मंडईत एकेक लिंबू दाबून, हुंगून, कानाशी नेऊन घ्यायचा. साळूबाई म्हणायची, "पोरीला नवरा बघताना बी येवढं पारखलं नाय तुमी."

माणसाला जगात आपली म्हणून एक जागा लागते. कुणाची पंगतीत असते, कुणाची चावडीवर. कारभारीची मैदानाच्या चुन्याच्या रेघेलगत होती, हाफटाइमची दहा मिनिटं. तेवढ्यासाठी तो वर्षभर फुटपाथवर बसून ऊन खायचा.

आणि या जागेवर फकिरा आला.

फकिरा मूळचा सिल्लोडकडचा, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. गारखेड्यात जमीन घेऊन त्यानं मोसंबीची बाग लावली होती. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा मॅच बघायला आला तेव्हा त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कारभारीनं त्याला शेजारी बसवून घेतलं, ऑफसाइड समजावलं, कोण कुठल्या पायाचा आहे ते सांगितलं. शागीर्द मिळाला म्हणून कारभारी खूश होता. फकिराही गुणाचा माणूस, "कारभारीदादा, कारभारीदादा" करत मागं मागं असायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं हे मी आधीच सांगून ठेवतो. पाप असतं तर कारभारीचं काम सोपं झालं असतं.

अडुसष्ट साली फकिराची बाग पहिल्यांदा फळली. कपाची पहिली मॅच होती. हाफटाइमला कारभारीनं डबा उघडला, तेवढ्यात फकिरा सायकलवरून टोपली उतरवून आला. सोललेल्या मोसंब्या, पाण्यानं चिंब फडक्यात झाकलेल्या, गारेगार. पोरं लग्नातल्या पंगतीसारखी तुटून पडली. कॅप्टन वाजिद तेवढा रीत सांभाळून होता. त्यानं आधी लिंबाची फोड घेतली, घाईघाईनं चोखली आणि मग मोसंबीच्या तीन फोडी एकदम तोंडात कोंबल्या. ते कारभारीनं पाहिलं. लिंबू घेताना वाजिदचे डोळे टोपलीकडं होते, हेही पाहिलं.

"लई ग्वाड हाये नाय का?" फकिरा त्यालाच विचारत होता. "घ्या ना दादा, तुमी बी घ्या."

"मला साखरेचं चालत नाय," कारभारी म्हणाला. त्याला साखरेचं सगळं चालत होतं.

नवजवान ती मॅच तीन गोलांनी जिंकली. परतताना कुणीतरी म्हणालं, मोसंबीचा पायगुण चांगला. कारभारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं ह्यांच्यासाठी लिंबं पारखली, आणि हा कालचा बागाईतदार येऊन एका टोपलीत पायगुणाचा धनी झाला. घरी येऊन त्यानं साळूबाईला सांगितलं, की मोसंबीनं घसा धरतो, पोट जड होतं, पळणाऱ्याला ती विषासारखी. साळूबाई भाकरी थापत म्हणाली, "मंग हारले का हो?"

"जिंकले."

"मंग तुमच्या पोटात कामून दुखतंय?"

दुखत होतं, हे खरं होतं.

सेमीफायनलला त्यानं नेहमीच्या दुप्पट लिंबं नेली. मिठात जिरेपूड घातली. डबा चिंच लावून असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. आणि हाफटाइमला वाजिद घाम पुसत त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. पोरगा प्रेमळ होता, म्हणून जे बोलला ते फार हळू बोलला.

"मामू, बुरा मत मानो. नींबू से दाँत झनझनाते. आज मोसंबी लेतूँ, हौ?"

"हौ, हौ. घे की बाबा," कारभारी म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. झाकण नीट बसेना. दोनदा दाबावं लागलं.

ती मॅचही जिंकली. सगळे नाचत होते, फकिराला कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं, आणि कारभारी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. अकरा वर्षांत त्याला कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं. कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं की आपल्याला घ्यावं. आता आलं. आणि एकदा आलं ते जाईना.

फायनलपर्यंतचे आठ दिवस त्यानं कसे काढले ते गिऱ्हाइकांना विचारा. घोंगडी मागितली तर सतरंजी दाखवायचा. मनात एकच हिशेब चालू होता. मोसंबी खाऊन हे दोनदा जिंकले, तिसऱ्यांदा जिंकून कप आणला, की लिंबू कायमचं गेलं. पण हरले तर? हरले तर मोसंबीला बोल लागेल. वाजिद येईल, मान खाली घालून म्हणेल, मामू, चुकलं. नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, अशी आपल्याकडं म्हण आहे. ती बायकांच्या नावावर खपते, पण त्या आठवड्यात ती अठ्ठावन्न वर्षांच्या एका धनगराच्या उरात घर करून बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटूनही तो विचार सुटत नव्हता.

फायनल छावणीच्या टीमशी होती. मैदान असं भरलं होतं की झाडांवरही माणसं होती. पहिला हाफ कोराच गेला. हाफटाइमला फकिरानं टोपली उघडली. या खेपेला दोन टोपल्या होत्या. कारभारीनंही डबा उघडून पुढं धरला आणि तसाच धरून उभा राहिला. एकाही पोरानं फोड उचलली नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नव्हे. कुणाचं लक्षच गेलं नाही, आणि तेच जास्त लागलं. शिट्टी वाजली, पोरं मैदानात गेली, आणि डब्यात फोडी जशाच्या तशा राहिल्या.

"हरा," कारभारी मनात म्हणाला. "एकदा हराच."

वीस मिनिटं झाली असतील. छावणीच्या पोरानं मध्यातून चेंडू काढला. नवजवानचे दोघं एकाच अंगाला धावले आणि दुसरं अंग उघडं पडलं. कारभारीला ते सगळ्यांच्या आधी दिसलं, जसं नेहमी दिसायचं. एरवी त्यानं हाळी देऊन पोरांना सावध केलं असतं. त्या दिवशी तो गप्प राहिला. चेंडू त्या उघड्या वाटेनं गेला, गोली आडवा पडला, आणि चेंडू जाळीत.

"हुर्र्याऽऽ."

नवजवानच्या बाजूला स्मशानशांतता होती आणि तिच्यात ही एकच हाळी. ती कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. तो आवाज आख्खं औरंगाबाद ओळखत होतं. शे-दोनशे माना एकदम वळल्या. मैदानातून वाजिदही वळून बघत होता. कारभारीचे दोन्ही हात वर होते. खाली कसे घ्यायचे ते त्याला सुचेना.

कुणीतरी पुढं सरकलं. "गद्दारी करतो काय रे?"

तेवढ्यात फकिरानं मध्ये येऊन कारभारीचा खांदा धरला. "आरं, थांबा थांबा," तो मोठ्यानं म्हणाला. "दादाचं चुकलं. हाफटाइम झाल्यावर बाजू बदलत्यात ना, ते दादाच्या ध्यानात नाय राहिलं. त्येनला वाटलं, आपलाच गोल झाला." मग कारभारीकडं वळून, लहान पोराला सांगावं तसं, "दादा, आता आपला गोल ह्यो. आपल्याला मारायचाय तिकडं. व्हय का नाय?"

सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "म्हातारं झालं हो बिचारं." पुढं सरकलेला माणूस ओशाळून मागं झाला.

बाजू बदलतात हे फकिराला तीन वर्षांपूर्वी कारभारीनंच शिकवलं होतं, इथंच, याच रेघेवर, आणि वर हसलाही होता.

आता बोलायची पाळी कारभारीची होती. खरं बोलावं तर एकोणीस वर्षांची निष्ठा मातीत जाणार होती. न बोलावं तर एकोणीस वर्षांची अक्कल. सगळे त्याच्याकडं बघत होते. फकिराचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्या हातात निव्वळ माया होती.

"व्हय," कारभारी म्हणाला. "इसरलो."

नवजवान एका गोलनं हरली. मोसंबीला कुणी बोल लावला नाही. मॅच संपल्यावर वाजिद चिखलाच्या बुटांनी थेट कारभारीकडं आला आणि हात पुढं करून म्हणाला, "मामू, नींबू दो." त्यानं सुकलेली फोड चोखली, तोंडही वाकडं केलं, आणि कारभारीच्या पाठीवर हलकेच थोपटलं. बाकीची पोरंही आली. एकेकानं एकेक फोड घेतली. डबा रिकामा झाला. कारभारीला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्याला कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. साळूबाईनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली.

"तुमी इसरलात म्हनं."

"व्हय."

"धा वर्साखालचा गोल कुन्या पायानं मारला ते सांगता तुमी. आन् बाजू इसरता?"

कारभारी ताटाकडं बघत म्हणाला, "नाय इसरलो." साळूबाईनं भाकरीचा अर्धा भाग त्याच्या ताटात ठेवला. ही गोष्ट त्या खोलीतच राहिली.

पुढं कारभारी आणखी आठ वर्षं मॅचला गेला. न जाऊन कसं चालेल, लोकांना संशय आला असता. फकिरा त्याला सायकलवर डबलसीट घेऊन यायचा, सावलीत खुर्ची द्यायचा. हाफटाइमला मोसंबी वाटून झाली की शिट्टी वाजायच्या आधी न चुकता त्याच्याजवळ यायचा, त्याचा हात हातात घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "दादा, आता आपल्याला तिकडं मारायचं हाये बरं का."

आणि फुटबॉल ज्याच्याइतका आमखासवर कुणाला कळत नव्हता, तो कारभारी मान हलवून म्हणायचा, "बरं झालं सांगितलंस."