इनास सरांची हजेरी

इनास सर रोज सकाळी लॅपटॉपची हजेरी घ्यायचे. वर्गातल्या मुलांची हजेरी नंतर, आधी लॅपटॉपची. स्टाफरूमच्या खिडकीजवळच्या टेबलावर तो उघडायचा, पंख्याची घरघर जरा स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग पडद्यावर त्याच्या आतल्या भागांची यादी काढायची आणि चष्मा कपाळावर सरकवून ती मोठ्यानं वाचायची. "कॅमेरा? गैरहजर. टचपॅड? हजर, पण वर्गात दंगा करतो. झोप. डावा स्पीकर? आजारी. झोप. उजवा? शाबास. माइक?" माइकपाशी ते थोडे रेंगाळायचे. "माइक अर्धा हजर. तूही झोप." प्रत्येक 'झोप'बरोबर बाहेरून जोडलेल्या माऊसची एक टिचकी वाजायची आणि तो तो भाग बंद व्हायचा.

मी साताऱ्याकडचा. विरारच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि या गृहस्थांना रजेची गरज आहे असं मनाशी ठरवलं. आठवडाभरानं मीच वह्या तपासायच्या थांबवून हजेरी ऐकायला लागलो. इनास सर विज्ञान शिकवत. नंदाखालच्या केळीच्या वाडीतून सायकलवर येत, पॅंटच्या पायाला कपड्याचे चिमटे लावून. चिमटे काढायला ते बहुतेक वेळा विसरत आणि तसेच दिवसभर वर्गावर जात. मुलं हसत नसत, कारण मुलांनी त्यांना दुसऱ्या रूपात पाहिलेलंच नव्हतं.

लॅपटॉपचा इतिहास सांगायला हवा. तो शाळेला एका स्थानिक नेत्यानं भेट दिला होता. समारंभ अडीच तास चालला. तेरा भाषणं झाली, त्यांतल्या अकरांत 'डिजिटल' हा शब्द आला. लॅपटॉप चालू झाला तो सहा मिनिटं, फोटोपुरता. झाकणावर नेत्याचा हात जोडलेला हसरा फोटो चिकटवला होता. आतलं यंत्र कुठल्याशा कचेरीनं वापरून टाकून दिलेलं होतं, हे दुसऱ्या दिवशी इनास सरांनी तळाचे चार स्क्रू काढले तेव्हा कळलं. आत शिसपेन्सिलीचा भुसा आणि एक वाळलेलं झुरळाचं पिल्लू निघालं. मुख्याध्यापक घाबरून म्हणाले, "बोलू नका कुठे." इनास सर म्हणाले, "मी कशाला बोलू? दान आहे. दानाचे दात आपण मोजत नाही, फक्त घासून देतो." आणि त्यांनी खरंच जुन्या टूथब्रशनं ते यंत्र घासून काढलं.

नवे भाग घालायला शाळेकडे पैसे नव्हते आणि इनास सरांकडे तशी इच्छा नव्हती. बिघडलेला भाग उपटून काढण्यापेक्षा त्याला झोपवावा आणि त्याचं काम बाहेरच्या कुणाला तरी द्यावं, हे त्यांचं तत्त्व होतं. टचपॅड वेडा, तर माऊस लावा. कॅमेरा गेला, तर मोबाइल उभा करा. अडचण एवढीच होती की बॅटरीही मेलेली होती. वीज गेली किंवा कुणी वायर खेचली की लॅपटॉप पट्कन मरायचा, आणि पुन्हा उठला की झोपवलेले सगळे भाग त्याच्याबरोबर जागे व्हायचे. म्हणून रोजची हजेरी. एकदा मी विचारलं, "सर, माइकवर तुमचा एवढा राग का? थोडं तरी ऐकू येतं त्याला."

"तेच तर, सावंत सर," ते म्हणाले. "मेलेलं बरं असतं. मेलेल्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. अर्धमेला मात्र हात वर करून म्हणतो, मी आहे ना! आणि यंत्र भोळं असतं, त्याचं ऐकतं. बाहेर उत्तम माइक लावलेला असला तरी हा जागा असेल तर याचंच ऐकणार."

टचपॅडची कथा तर शाळेत अजून सांगतात. एकदा ऑनलाइन बैठक होती. वरचे साहेब पाऊण तास गुणवत्तेवर बोलत होते. आम्ही सगळे त्या एका लॅपटॉपसमोर रांगेत बसलो होतो, मुख्याध्यापक टाय लावून मध्ये. सकाळची हजेरी गडबडीत राहिली होती. साहेब "आता मी मूळ मुद्द्याकडे येतो" म्हणाले, तोच बाण आपण होऊन पडद्यावर धावत सुटला, कोपऱ्यातल्या फुलीवर जाऊन बसला आणि साहेब नाहीसे झाले. मुख्याध्यापक किंचाळले, "इनास सर, हे काय?" इनास सर शांतपणे माऊस शोधत म्हणाले, "दिवसभरात यानं केलेलं हे पहिलंच समजूतदार काम आहे."

निवृत्तीच्या वेळी शाळेनं त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि मुख्याध्यापकांनी भावनेच्या भरात विचारलं, "सर, शाळेकडून आणखी काय देऊ?" त्यांनी तो लॅपटॉप मागितला. तो भंगारात काढायला तीन सह्या लागत होत्या, त्या मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी आनंदानं केल्या.

त्यांना लॅपटॉप कशाला हवा होता, ते मला नंदाखालला गेल्यावर कळलं. त्यांची थोरली बहीण नतालीनबाय त्यांच्याच घरात राहायची. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, जीभ सरळ. आई लवकर गेल्यामुळे इनास सरांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका जी गाणी म्हणतात, ती सगळीच्या सगळी येणारी ती गावातली शेवटची. बाकीच्या बायकांना चाली यायच्या, सुरुवातीच्या एकदोन ओळी यायच्या, पुढे त्या 'हूं हूं' करून वेळ मारून न्यायच्या. शब्द नतालीनबायपाशी होते. ती गेली की शब्द जाणार होते, आणि इनास सरांना ते यंत्रात उतरवून घ्यायचे होते.

"म्हणून दाखव ना एकदा," ते मागे लागायचे.

"लगीन नाय, मांडव नाय, आनि गानी कशी म्हनू?" ती म्हणायची. "आल्यागेल्याला वाटंल म्हातारीला नवरा मिळाला."

"तूच गुणगुण थोडं. मी शब्द लिहून घेतो."

"तुज्या त्या खोक्याला आधी कान तरी हाय का? एक डोला नाय, एक कान नाय. माज्यापरीस म्हातारा तो."

मी म्हणालो, "सर, तुम्हालाच येत असतील की. लहानपणापासून ऐकताय."

"छे हो. ती बायकांची गाणी. आम्ही पुरुष मांडवाबाहेर. खुर्च्या मांडायच्या, बर्फ आला का बघायचं. आणि माझा गळा? देवळातसुद्धा मी नुसते ओठ हलवतो. फादरनीच सांगितलंय." हे सांगताना त्यांना जराही वाईट वाटत नसे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात लॅपटॉपला दमट हवा लागली म्हणून नतालीनबायनं तो परस्पर तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला, कारण भाच्याचा भिजलेला मोबाइल तसा बरा झाला होता. मोबाइलच्या बाबतीत तांदूळ चालून गेला असेल, लॅपटॉपच्या जाळीतून मात्र तांदळाचा पोरकिडा आत गेला. इनास सर दोन दिवस टूथब्रश घेऊन बसले. बहिणीला एक शब्द बोलले नाहीत. मला फक्त म्हणाले, "काळजी होती हो तिला त्याची. बोलत नाही एवढंच."

शेवटी लग्न ठरलं. त्यांच्या पुतणीच्या, म्हणजे ल्युसीच्या, थोरल्या मुलीचं. इनास सरांनी महिनाभर आधी तयारी केली. चर्चच्या गायकवृंदाचा चांगला माइक मागून आणला, दोनदा चाचणी घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिथं होतो. अंगणात मांडव, चटईवर बायका गोल बसलेल्या, मध्ये पाटावर नवरी. नतालीनबायच्या समोर उशीवर तो माइक ठेवलेला. इनास सर चटईच्या कडेला, मांडीवर पाट, पाटावर लॅपटॉप. सकाळीच हजेरी झालेली, सगळे झोपलेले. पुरुषांत त्यांना एकट्याला आत बसायची परवानगी मिळाली होती, तीही यंत्राचे सेवक म्हणून. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो.

आणि आइसक्रीमवाल्यानं त्याच्या पेटीसाठी प्लग शोधताना नेमकी लॅपटॉपची वायर काढली. पडदा काळा झाला. इनास सर ओरडले, तोवर नतालीनबायनं सुरुवात केली होती. "थांब जरा," ते म्हणाले. तिनं हातानंच त्यांना उडवून लावलं. गाणं मध्ये तोडायचं नसतं. वायर परत लागली, लॅपटॉप कण्हत उठला, इनास सरांनी घाईघाईनं आवाज नोंदवायचं बटण दाबलं आणि लाल ठिपका लागलेला पाहून सुटकेचा श्वास टाकला. पुढचे दोन तास त्यांनी त्या ठिपक्यावरून नजर हलवली नाही. बहिणीकडेही पाहिलं नाही.

पुढचा पावसाळा संपता संपता नतालीनबाय गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे तिच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, सगळं कुटुंब जमणार होतं, तेव्हा तिची गाणी सगळ्यांना ऐकवावीत असं इनास सरांच्या मनात होतं. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. लग्नानंतर त्यांनी ती नोंद एकदाही ऐकली नव्हती. ती जिवंत होती तोवर गरज वाटली नाही, आणि गेल्यावर धीर झाला नाही.

त्यांनी बाहेरचा स्पीकर जोडला. आधी पंख्याची घरघर आली, भाताची गिरणी चालू असावी तशी. मग कुणाच्या तरी बोटांची टकटक. आणि त्या सगळ्याच्या मागे, फार लांब, विहिरीच्या पलीकडून यावा तसा नतालीनबायचा आवाज. चाल कळत होती. शब्द एकही कळत नव्हता.

इनास सरांनी आवाज पूर्ण वाढवला. गिरणी मोठी झाली. त्यांनी हात टेबलावर ठेवले.

"लॅपटॉप उठला तेव्हा आतला माइक पण उठला," ते म्हणाले. "चर्चचा माइक तिच्यासमोर नुसता शोभेला होता. दोन तास मी त्या ठिपक्याकडे बघत बसलो, सावंत सर. पुन्हा हजेरी घेतली नाही."

आयुष्यभर एका गोष्टीपासून जगाला सावध करणाऱ्या माणसानं नेमकी तीच गोष्ट करावी, तेव्हा सांत्वनाचे सगळे शब्द टोमण्यासारखे वाटतात. नोंद चालूच होती. बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. आणि म्हणूनच मला ते ऐकू आलं.

"सर, हा कोण बोलतोय?"

"कोण?"

"हा. पुरुषाचा आवाज. अगदी जवळून येतोय."

त्यांनी मान तिरकी केली. घरघरीच्या वर, स्वच्छ, कुणीतरी पुटपुटत होतं. चाल नाही, सूर नाही, पाढे म्हणावेत तसे सपाट शब्द. एक ओळ, दुसरी ओळ. माइक आतला होता आणि आतल्या माइकच्या सर्वांत जवळ लॅपटॉप मांडीवर घेतलेला माणूस होता.

"मी आहे," इनास सर म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखे. "मी... म्हणत होतो? मला कळलंच नाही."

आम्ही सुरुवातीपासून ऐकलं. पहिल्या दोन गाण्यांत ते तिच्या मागोमाग होते. तिसऱ्या गाण्यात लांबचा आवाज थांबला. नतालीनबाय अडली होती. क्षणभर नुसती गिरणी. मग जवळचा सपाट आवाज एकटाच पुढची ओळ बोलला, आणि लांबचा आवाज ती ओळ उचलून पुढे गेला. असं त्या दुपारी चार वेळा झालं होतं. मांडवात कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं असणार. कडेवर घेऊन ज्या पोराला ती गावातल्या प्रत्येक मांडवात फिरली, त्याला काय काय येतं हे तिला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं तो माझ्या शेजारी चष्मा काढून डोळे पुसत बसला होता, आणि मध्येच हसत होता. "बघा, मला वाटायचं तिला सगळी येतात," ते म्हणाले. "आणि ती मला मेली सांगायची, खोक्याला कान नाय."

मिस्साच्या दिवशी त्यांनी काहीच ऐकवलं नाही. शब्द मात्र एका दोनशेपानी वहीत उतरवून काढले, सगळी सतरा गाणी.

इनास सर आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी, थोड्याशा आजारानं, कुणाला फारसा त्रास न देता गेले. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना 'तंत्रज्ञानाचे दीपस्तंभ' वगैरे म्हटलं. मला मात्र त्यांच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आठवत होती.

ल्युसीच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. मांडव तोच, चटई तीच, बायका गोल करून बसलेल्या, आणि मध्ये नतालीनबायची जागा रिकामी. इनास सर नेहमीप्रमाणे बाहेर खुर्च्या मोजत होते. ल्युसी येऊन म्हणाली, "अंकल, आत बसा."

"मी? पुरुष माणूस?"

"नाय बसला तर डीजेवाल्याला फोन करते. आत्ता करते."

धमकी खरी होती. इनास सर आत जाऊन चटईच्या कडेला बसले, वही उघडली आणि पहिली ओळ वाचली, विज्ञानाचा नियम सांगावा तशी. बायका हसून लोळल्या. एकीनं म्हटलं, "ओ सर, हे काय परीक्षा हाय? शब्द तुमचे घ्या, चाल आमची ऱ्हाऊ द्या." आणि तसंच झालं. ते ओळ सांगत, बायका ती चालीवर घेत. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्यांनी वही मिटली होती. डोळे मिटून ते सांगत राहिले, आणि कुठेतरी सहाव्या की सातव्या गाण्यात अडले.

वही मांडीवरच होती. त्यांनी ती उघडली नाही. बायका थांबल्या. इतक्यात पाटावर मान खाली घालून बसलेली नवरी, ओठ जेमतेम हलवत, पुढचा शब्द पुटपुटली.

इनास सरांनी डोळे उघडले नाहीत. शब्द घेतला आणि पुढे गेले.