उकंडा मिस्त्रीचे कान

बाभुळगावात उकंडा मिस्त्रीचे कान प्रसिद्ध होते, आणि ते प्रसिद्ध आहेत हे सांगण्यात तोच सगळ्यांच्या पुढे असे. गाडी अजून चौकात असताना हा गॅरेजात बसून रोग सांगणार. दहापैकी नऊदा बरोबर निघे. दहाव्याचं नाव कोणी काढत नसे.

विमलताई निवृत्त नर्स. साठाव्या वर्षी त्या उकंडाकडूनच गाडी शिकल्या. गावानं नाकं मुरडली, पण ताईंनी यवतमाळपर्यंत मजल मारली. दिवाळीनंतर त्यांच्या गाडीचे ब्रेक किंचाळू लागले. उकंडानं बाकावरून न उठताच "धूळ हाय" म्हटलं आणि चाकांवर पाणी मारायला लावलं. आठवड्यानं ताई परत आल्या, तेव्हा चहाला चार माणसं बसली होती. पुन्हा धूळ म्हणायचं तर कानांची अब्रू जाणार!

"ताई, गाडीत काही नाही. तुमचा पाय जड हाय. ब्रेकवर उभ्याच राह्यता तुम्ही! हलका दाबत जा."

माणसं हसली. ताईही हसल्या, आणि शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ब्रेक हलका दाबू लागल्या.

तिसऱ्या दिवशी चौकात त्यांची गाडी कापूस भरलेल्या बैलबंडीला मागून भिडली. नशीब, लागलं कोणालाच नाही. उकंडा धावत पोचला तेव्हा ताई बंडीवाल्या पुंडलिकरावांपुढे हात जोडून उभ्या होत्या.

"माह्याच पायाचा दोष हाय, भाऊ. उकंडानं मले सांगतलं होतं." मग त्यांनी चाबी उकंडाच्या हातात ठेवली. "विकून टाक बापा. मले नाही जमत हे."

गॅरेजात उकंडानं पहिल्यांदा चाक खोललं. ब्रेक पॅड पार लोखंडापर्यंत झिजला होता. पॅड संपत आला की त्याची बारीक पत्ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासून ओरडते. ओरडण्यासाठीच ती बसवलेली असते. ती इतके दिवस ओरडत होती, आणि हा दीडशहाणा ताईंच्या पायाला नावं ठेवत होता! लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप पॅड बदलावा, असंही एकदा मनात आलं. त्याची तर आणखीच लाज वाटली.

संध्याकाळी चहाची तीच माणसं जमल्यावर त्यानं ताईंना बोलावलं आणि झिजलेला पॅड पुढे धरला.

"ताई, तुमचा पाय बरोबर होता. मी चाक खोललंच नव्हतं. या लोकांपुढं खोटं बोललो."

शिव्या खायची त्याची तयारी होती. ताईंनी पॅडकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे... मले गाडी येते?"

नवे पॅड उकंडानं आधीच बसवले होते. खाली मान घालून त्यानं चाबी दोन्ही हातांनी पुढे केली.