शिर्केबाईंचा प्रश्न

मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं तर दहावीनंतर, बारावीनंतर की पदवी झाल्यावर, हे विचारायला लोक शिर्केबाईंकडे येत. बाई आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. बडोद्यातल्या एका शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. सयाजीगंजमधल्या सल्लागारांकडे खेटे घालून दमलेले आईबाप दारात दिसले, की बाई आधी मुलाला चहा टाकायला आत पिटाळायच्या. मार्कांची फाईल उघडतसुद्धा नसत. शांतपणे विचारायच्या, "तो तिकडे असताना इथे घरातलं कुणी गेलं, तर त्याला कधी सांगाल?"

आईबाप दचकत. एकीने तर "असं अभद्र काय बोलता?" म्हणून पर्स उचलली होती. बहुतेकांचं उत्तर एकच, परीक्षा असेल तर संपल्यावर सांगू. मग बाई म्हणत, "तर मग हमणां, आत्ता तरी थांबा. पोरगा तयार असेल, तुम्ही नाही. ज्या वयात त्याला खरं सांगायची तुमची छाती होईल, त्या वयात पाठवा. मग ते सोळावं असो की पंचविसावं." खंडेराव मार्केटात कुणी गाठलं, तर पापडी निवडता निवडता हाच प्रश्न गुजरातीत.

हे खूळ कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकत असताना वडील वारले. भावाची परीक्षा तोंडावर होती. घरच्यांनी फोनवर बोलायचं काम बाईंना दिलं. "चौदा दिवस मी त्याला सांगत होते, बाबा मजेत आहेत, आता झोपलेत. नंतर तो एकदाच आला, भाचीच्या लग्नाला. पाहुण्यासारखा बसला आणि गेला." एवढं बोलून त्या कुंड्यांना पाणी घालायला उठल्या.

आमचा सोहम त्यांच्याच हाताखाली फिजिक्स शिकला. त्याने बारावीनंतर जर्मनीला जायचं धरलं, तेव्हा आम्हीही बाईंसमोर जाऊन बसलो. पण आमची प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती. शेजारी राहून हा प्रश्न मी वीस वेळा ऐकला होता. त्यांनी विचारताच मी म्हणालो, "त्याच दिवशी सांगू, बाई." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नक्की ना, संजय?" मी मान डोलावली. सोहम गेला.

दर रविवारी तो आधी बाईंना फोन करायचा, मग आम्हाला. दुसऱ्या वर्षी बाईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दीड-दोन महिने म्हणून सांगितलं. बाईंनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "सोहमला कळवलंस?"

"बाई, परीक्षा आहे त्याची. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"मग मी सांगते. माझंच मरण आहे, मला सांगायला काय?"

मी हात जोडले. म्हणालो, तो सगळं टाकून येईल, वर्ष जाईल, तुम्हाला तरी बरं वाटेल का. मी वाघोडियाच्या कारखान्यात दोनशे माणसं सांभाळतो. माणसाला कुठे धरलं की तो वाकतो, हे मला कळतं. त्या दिवशी ते मी आजारी बाईंवर वापरलं, याची मला अजून लाज वाटते.

रविवारी फोन आला. बाई उशीला टेकून बसल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "मजेत रे. जरा खोकला झालाय, बाकी बधुं सारुं छे. तू अभ्यास कर." त्याला एक गणितही समजावून सांगितलं. फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले. "दुसऱ्यांदा करायला लावलंस, संजय," एवढंच म्हणाल्या. नंतरचे दोन रविवारही त्या तसंच बोलल्या. माझ्याशी मात्र त्या फारशा बोलल्या नाहीत.

सोहमचा शेवटचा पेपर चार दिवसांवर असताना बाई गेल्या. पेपर झाल्यावर मी त्याला सांगितलं. तो रडला नाही, ओरडलाही नाही. फक्त तारीख विचारली. मग म्हणाला, "म्हणजे त्या रविवारी बोलल्या तेव्हा त्यांना माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला. परीक्षेत तो चांगला पास झाला. त्याचे मार्क मी कुणालाच सांगितले नाहीत.

आता तो नियमाने फोन करतो, आदराने बोलतो. गेल्या महिन्यात मला ताप आला होता. त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काही नाही रे, साधा ताप आहे." बरं म्हणाला. तासाभराने वरच्या मजल्यावरचे किरीटभाई घाबरून खाली आले. सोहमने त्यांना फोन केला होता. बाबांना खरं काय झालंय, ते तुम्ही स्वतः जाऊन बघून मला सांगा, असं त्याने सांगितलं होतं.

मला खरोखर साधा तापच होता.