मशीननं एका बैलाचे शंभर केले

धुळ्याच्या कॉलेजातला हॉल, सकाळचे अकरा. समोर कॉम्प्युटर, आणि शेजारी शिरपूरजवळच्या खेड्यातून आलेली माझी आत्या. तिला सगळे अक्काच म्हणत...

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माणसाचं साधं वाक्य वाचून त्यातली माहिती वेगळी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांची सही झाली तरच माझी फेलोशिप पुढे चालणार होती. नाहीतर संशोधन तिथेच संपणार.

चाचणीसाठी अक्का तिच्या बोलीत बोलली, मी टाइप केलं. "मना घरमा बैल एक शे." स्क्रीनवर उत्तर उमटलं... बैल : १००.

हॉल खो खो हसला. अक्का मात्र खणखणीत म्हणाली, "शंभर? मंग बाकीना कोठे बांधेल शेतस, ते बी इचार तुना मशीनले!"

परीक्षक हसले नाहीत. "मॅडम, अशुद्ध भाषा घातली की असंच होणार. ही खेड्यातली वाक्यं काढून टाका, मी आत्ता सही करतो." त्यांनी पेनाचं टोपणही काढलं.

माझं डोकं भडकलं. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांना मी भर सभेत सोडत नसे. भाषण ओठांवर आलं होतं... पण आधी चूक सापडावी म्हणून प्रोग्रॅमचा शब्दकोश उघडला, आणि 'शे' शोधला.

शे : शंभर. बस, एवढंच. दोनशे-तीनशेमधलं 'शे'. आमच्याकडे 'शे' म्हणजे 'आहे'... घरात जन्मभर तेच बोललेली मी, कोश लिहायला बसले आणि विसरले. विसरले, की लाजले?

"सर, वाक्य बरोबर आहे. कोश अपुरा आहे आणि तो मी लिहिलाय. वाक्य काढणार नाही." त्यांनी टोपण लावलं, फाइल मिटली.

फेलोशिप गेली. परतताना बसमध्ये अक्का हळूच म्हणाली, "मनामुये बिघडनं का माय?" तिच्यामुळे काहीच बिघडलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

पुढची दोन वर्षं जळगावात शिकवण्या घेत तो कोश नव्यानं लिहिला. त्याच कोशावर दुसरीकडे प्रबंध झाला, आणि मशीनला भाषा शिकवण्यातच आयुष्य गेलं.

बोलीसाठी मी आजही भांडते, आवाज चढवूनच भांडते. फक्त त्याआधी आपण स्वतः काय गाळलंय ते तपासून बघते... हे मला कुठल्या विद्यापीठानं नाही, अक्काच्या त्या एका वाक्यानं शिकवलं.