बिस्किटाच्या डब्यातली कार्डं

पाथरीच्या बसस्टँडवर एक माणूस फुकट उपचाराची सरकारी कार्डं काढून देतो. त्याची पापणी मी तीन वर्षांत एकदाच लवलेली पाहिली, तीही धुळीमुळं. केंद्राचं एक, राज्याचं एक, अशी दोन्ही कार्डं काढतो आणि वर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या माझ्यापाशीच." अर्ध्या तालुक्याचं आजारपण त्याच्या बिस्किटाच्या डब्यात कोंबलेलं आहे. एवढी राखण कुणी फुकट करतं का?

मावशीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी तिची कार्डं जवळजवळ हिसकावूनच आणली. तो एवढंच म्हणाला, "न्या. पण देव्हाऱ्यापासनं लांब ठिवा."

मी कशाला त्याचं ऐकतोय!

दुसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाई कडाडल्या, "काका, नंबर कुठाय ह्याच्यावर?" मावशीनं दोन्ही कार्डांना तेलात कालवलेलं कुंकू फासलं होतं. रुमालानं पुसायला गेलो, तर कुंकवाबरोबर नंबरही निघाला.

"आता जीव त्याच्यावरच हाय की रे," मावशी म्हणाली.

बाई पुढची तारीख लिहिणार, तेवढ्यात जिन्यात तो दिसला. काखेत डबा. आधीच काढून ठेवलेल्या दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स त्यानं डब्यातून खिडकीत सरकवल्या. "समदेच पूजा करतेत," म्हणाला आणि चहाही न घेता गेला. आमची तारीख त्याला कुणी सांगितली, देव जाणे.

मावशी आता ठणठणीत आहे. माझंही कार्ड त्याच डब्यात आहे. तरी दर बाजाराला ते जागेवर आहे का, हे मी बघून येतो. मला पाहिलं की तो आपणहून झाकण उघडतो.