नोरीन टकवेल आणि रंगीत खोकं

...तर फीत सोडायच्या आधीच नोरीन टकवेलला कळलं होतं, की खोकं चुकीचं आलंय. काल तुम्ही ऐन रंगात उठून गेलात आणि ती बिचारी फीत हातात धरून तिथंच उभी राहिली बघा. समोर स्मोकोच्या, म्हणजे कारखान्यातल्या मधल्या सुट्टीच्या, चहाचं टेबल, टेबलावर क्लिफ नॅनकर्विसनं घरून करून आणलेले लॅमिंग्टन, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात लोळवलेले केकचे तुकडे, आणि भोवती क्रॅडॉक कारखान्याची सगळी माणसं हात पुसून, टोप्या काढून उभी. सगळ्यांच्या तोंडावर असं हसू, की जणू लेकीला लग्नाचं सोनं दाखवतायत.

आत होतं कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. खोक्यावर फुगे, फुलं, तिरकी तिरकी अक्षरं. रंगीत.

नोरीननं मागितलं होतं करड्या खोक्यातलं.

आता ही नोरीन काय करायची, ते सांगतो. क्रॅडॉकमध्ये ऑगर बनायचे, विमेराच्या सपाट रानात गहू ट्रकमधून सायलोच्या उंच कोठारात चढवतात ना, त्या लांब नळ्या. नळीत एक लोखंडी स्क्रू गरगर फिरत असतो. प्रत्येक ऑगरबरोबर एक मॅन्युअल जायचं, कुठली जाळी कधी उघडायची, कुठला दांडा आधी बंद करायचा. ते मॅन्युअल नोरीनचं. आणि महिन्याला चार पानांचं ‘स्पाउट’ नावाचं बातमीपत्र निघायचं, तेही नोरीनचं. कुणाला मूल झालं, फुटबॉलच्या पैजेत कोण बुडालं, कुणाच्या गळाला मासा लागला आणि कुणी नुसतीच थाप मारली. इतकी वर्षं ती हे सगळं कात्रीनं कापून, मेण लावून, खालून दिवा असलेल्या उजेडाच्या टेबलावर चिकटवत आली. केसांतसुद्धा मेण असायचं तिच्या.

मग मालक मर्व्ह क्रॅडॉकनं ठरवलं, आता कॉम्प्युटर. नोरीननं दोन्ही सॉफ्टवेअर वापरून पाहिली आणि मर्व्हच्या दारात उभं राहून सांगितलं, “करडं घे. ‘स्पाउट’ची काळजी करू नकोस, ते मी कशातही काढीन.”

हे शेवटचं वाक्य तिला नडलं. त्या मुलखात कुणी ‘माझी काळजी करू नका’ म्हटलं, की सगळे त्याचीच काळजी करायला धावतात. तोंडानं मागणं तिथं कुणाला जमतच नाही, म्हणून नाही म्हणणाऱ्याच्या मनात काय असेल ते दुसऱ्यांनी ओळखायचं. नोरीन बहिणीच्या ऑपरेशनसाठी अरारॅटला गेली, आणि इकडे स्मोकोला मर्व्ह उठून म्हणाला, “बाई कंपनीसाठी मन मारतेय रे.” बिस्किटं कुठली आणायची इथपासून सुट्टी कधी घ्यायची इथपर्यंत क्रॅडॉकमध्ये सगळं स्मोकोला हात वर करून ठरायचं. झालं. रंगीत खोक्यासाठी हातांचं रान उगवलं.

“बोल की गं काहीतरी,” क्लिफ म्हणाला. हा जोडणीचा मुकादम, हातोड्यासारखे हात, आणि केक करण्यात मात्र भल्याभल्या बायकांना मागं सारणारा.

नोरीननं खोकं हातात फिरवलं. “हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

“सगळ्यांच्या!” मर्व्ह खुशीत होता.

“मी तुला काय सांगितलं होतं, मर्व्ह?”

“अगं, तू करडं म्हणालीस. पण आम्ही काय आंधळे आहोत? तुझा जीव ‘स्पाउट’मध्ये. म्हटलं, एकदा तरी बाईला तिच्या आवडीचं मिळू दे.”

“माझी आवड तुला कुणी विचारली होती?”

स्वागतकक्षातली डॉट, जिचा फोनवरचा आवाज साऱ्या विमेराला पाठ होता, ती घाईनं मधे पडली. “नोरीन, लाडके, आतलं कार्ड तरी वाच. सगळ्यांनी सह्या केल्यात.”

नोरीननं खोकं उघडलं. आत कार्ड होतं खरं. पण ते आत सरकवायला मर्व्हनं खोक्याचं सील फोडलं होतं, आणि सील फुटलेला माल हॉर्शमचा दुकानदार परत घेत नसे. तिनं कार्ड वाचलं, मिटलं, आणि तळपायाची आग मस्तकात जाऊनही एक लॅमिंग्टन उचलून खाल्ला. खाताना ती कुणाकडेही बघत नव्हती. मग म्हणाली, “मॅन्युअल यात होत नाही. चित्र पुढंमागं झालं, की हे सॉफ्टवेअर मजकुरातले नंबर स्वतः बदलत नाही. ते करडं बदलतं. एवढाच फरक होता, आणि एवढ्याच फरकासाठी मी ते मागितलं होतं.” आणि खोकं काखेत मारून निघून गेली.

“आभारसुद्धा नाही?” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“थकलीय ती,” डॉट म्हणाली.

थकली बिकली काही नव्हती. पेटली होती.

ती सरळ मर्व्हच्या खोलीत. मर्व्ह म्हणाला, दोन्ही घेणं परवडणार नाही, कापणी तोंडावर आलीय, नव्या जाळीचा ऑगर बाहेर पडायचाय, यातच कर. “इतकी वर्षं मेणानं करत होतीस, तेव्हा कुठं नंबर आपोआप बदलत होते?”

“तेव्हा वर्षात एकदा बदल व्हायचा. तुझी ड्रॉइंगची माणसं आता रोज उठून पान घुसवतात.”

“मग रोज बदल नंबर. तुझ्याइतकं बारीक बघणारं आहे कोण?”

अशी स्तुती केली, की नोरीनला माणसाच्या डोक्यात उजेडाचं टेबल घालावंसं वाटायचं.

बसली बिचारी. रंगीत सॉफ्टवेअर दिसायला फार गोड. पण ड्रॉइंगवाल्यांनी पुढं एक चित्र घातलं, की मागची सगळी चित्रं एकेक घर सरकायची, आणि मजकुरातलं ‘आकृती अमुक पाहा’ मात्र जागेवर ढिम्म बसून राहायचं. नोरीन एकेक शोधून हातानं बदलायची. बदलून होते न होते तोच दुसरं चित्र. घरी नवरा लेस बशीत मटण वाढून ठेवायचा आणि ही ते गार करून खायची, मधेच काटा खाली ठेवून म्हणायची, “नववी राहिली का रे?” जसं काही लेसला माहीत असणार.

एका दुपारी पानं छापायला निघाली होती. लिफाफा चिकटवायच्या आधी, या खोक्यावर भरवसा नाही म्हणून, तिनं रागारागानं मधलं पान पुन्हा उघडलं. तिथं लिहिलेलं, ‘आधी स्क्रूचा शाफ्ट बंद करा, आकृती बारा पाहा.’ आणि आकृती बारामध्ये होता जाळी उघडणारा हात. शाफ्ट बंद करायचं चित्र सरकून तेरावर गेलं होतं.

म्हणजे चित्र बघून चालणारा आत स्क्रू फिरत असतानाच जाळी उघडणार. लेसनंही शेतावर हाच ऑगर मागवला होता. लेस मॅन्युअल कसं वाचतो, ते तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. मजकूर कोण वाचतंय! ऑगर घरघरत असतो, धुळीनं डोळे भरलेले, डाव्या हाताचं तेलकट बोट चित्रावर, आणि उजवा हात मशीनकडे. चित्रात जे दिसेल ते करायचं. साऱ्या विमेरातला शेतकरी असाच वाचतो.

ती पान घेऊन मर्व्हकडे धावली. मर्व्हनं चष्मा लावून पाहिलं, शीळ घातली. “बापरे. पण सापडली ना? मग झालं तर!”

“ही सापडली, मर्व्ह. न सापडलेल्या किती असतील?”

“सापडतील गं. तू आहेस की.”

“मला करडं खोकं पाहिजे.”

“असं करू,” मर्व्ह समजुतीनं म्हणाला, “स्मोकोला पुन्हा मांडू. हात वर करू. पण खरं सांगू का, पोरं दुखावलीत. इतक्या प्रेमानं दिलं, आणि तू तोंड वाकडं केलंस. आता पुन्हा कोण हात वर करणार?”

नोरीन वळून निघाली. जाताना दार असं आपटलं, की मर्व्हच्या भिंतीवरचा बक्षीस मिळवलेल्या मेंढ्याचा फोटो तिरका झाला.

तो मेंढा ध्यानात ठेवा.

महिनाअखेर ‘स्पाउट’ निघालं. रंगीत सॉफ्टवेअरमधलं पहिलंच. काय दिसत होतं म्हणता! चौकटींना वेलबुट्टी, शीर्षकं कमरेत वाकलेली. ‘स्पाउट’ची रीत अशी, की फोटो सगळे मधल्या पानावर, खाली नंबर, आणि बातमीत नुसतं ‘फोटो एक’, ‘फोटो दोन’. स्मोकोला गठ्ठा आला आणि चहा विसरून सगळे तुटून पडले. नोरीन किटलीपाशी हाताची घडी घालून उभी.

पहिला आवाज आला क्लिफचा. “ए! ए, हे काय आहे?”

त्याला नात झाली होती. बातमी पहिलीच. ‘क्लिफच्या घरी लक्ष्मी आली, वजन साडेसात पौंड, सगळं आजोबांवर गेलंय, फोटो एक.’ आणि फोटो एक होता लॅमिंग्टनचा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. “क्लिफ, रंग तुझाच आहे रे!”

“थांब, थांब, पुढं वाच,” दुसरा म्हणाला, आणि मोठ्यानं वाचू लागला. “‘मर्व्हच्या मेंढ्याला हॉर्शमच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस. मागचा भाग भरदार, पाय मजबूत, दोन ठिकाणांहून मागणी आलीय. फोटो दोन.’”

फोटो दोनमध्ये क्लिफची नात, टोपडं घालून.

हसणं एकदम बंद झालं. क्लिफची मान लाल होत होत कानापर्यंत गेली. पण वाचणारा सुटला होता, त्याला थांबवता येईना. “‘डॉटला कंपनीत पंचवीस वर्षं पुरी. तिच्या गोड आवाजाशिवाय क्रॅडॉक ही कल्पनाच करवत नाही. फोटो तीन.’” फोटो तीनमध्ये मेंढा, गळ्यात निळी फीत. आणि शेवटची बातमी जुन्या फोर्कलिफ्टची. ‘तेल गळतं, खुळखुळते, आता उचलून भंगारात. फोटो चार.’

फोटो चारमध्ये डॉट. केस नुकते सेट केलेले.

डॉटनं कप खाली ठेवला. तो बशीवर न बसता टेबलावरच बसला. “नोरीन,” ती म्हणाली, “मी तुझं काय वाकडं केलंय?”

“माझी बायको हे आईला पाठवणार होती!” क्लिफ गरजला. “अगं, चार दिवसांच्या पोरीचा मागचा भाग भरदार? लाज वाटते का तुला?”

“ओरड,” नोरीन म्हणाली. “आणखी ओरड, क्लिफ. मला बरं वाटतंय.”

“मुद्दाम केलंस?”

“एकच गोष्ट मुद्दाम केली. सगळी पानं जुळल्यावर तुझ्या लॅमिंग्टनचा फोटो पुढं घातला. बाकी काहीसुद्धा शिवले नाही. तुम्ही दिलेल्या त्या सॉफ्टवेअरनं उरलेलं सगळं स्वतः केलं.” मग तिनं ॲप्रनच्या खिशातून मॅन्युअलचं ते पान काढलं आणि बिस्किटांच्या ताटलीत टाकलं. आवाज चढला तिचा. “यातपण एकच चित्र पुढं घुसलंय. बघ, क्लिफ. तू मुकादम आहेस ना? वाच, आणि बाराव्या चित्रात सांगितलंय तसं कर. लेस हेच करणार आहे कापणीत. हात घालणार आहे आत. तुझ्या नातीला मेंढा म्हटलं तर तुझं रक्त उकळलं. लेसचा हात गेला, तर तुम्ही काय पाठवणार? सह्या केलेलं कार्ड?”

क्लिफनं पान उचललं. वाचलं. त्याचं तेलकट बोट चित्र बारावर जाऊन टेकलं, आपोआपच. उजवा हात तसाच हवेत थोडा पुढं झाला होता, ते त्यालाच दिसलं. त्यानं तो खिशात घातला.

मग दुसऱ्या हातानं ते पान मर्व्हपुढं धरलं.

“मर्व्ह,” क्लिफ म्हणाला, “उद्याच्या उद्या हॉर्शमला जाऊन ते करडं आण.”

“आणतो.” मर्व्ह म्हणाला. “हे रंगीत फुटबॉल क्लबला देऊन टाकू. त्यांचे कार्यक्रम छापतील.” मग सवय कुठं जाणार, त्यानं सगळ्यांकडे वळून हात उचलला. “तर, करड्याच्या बाजूनं कोण कोण...”

“खाली घे तो हात!” नोरीन कडाडली, आणि मालकाचा हात खाली आला.

डॉट डोळे पुसत हसायला लागली होती. भंगारातली फोर्कलिफ्ट म्हणे! तिच्या हसण्यानं बाकीच्यांनाही धीर आला. क्लिफ मात्र हसेना. तो नोरीनजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं होतं गं. आता तरी राग गेला का?”

नोरीननं त्याच्या हातातून पान काढून घेतलं, घडी करून खिशात घातलं, आणि म्हणाली, “राग कशाला जाईल, क्लिफ? त्याच्या जिवावर तर ती चूक सापडली. बिस्किटांसाठी हात वर करा, सुट्टीसाठी करा. पण ज्या पानावर एक बोट ठेवून माणूस दुसरा हात मशीनमध्ये घालतो, ते पान कशात करायचं हे मी ठरवणार, आणि मी करडं म्हटलं तर त्याचा अर्थ करडं. आणि तुझा केक कोरडा होता. तेव्हा सगळे एवढ्या कौतुकानं बघत होतात, म्हणून गिळला.”