‘ठेव’ म्हटल्याशिवाय

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो म्हणजे नेमके माझे बांधशेजारी अण्णा. बांधशेजारी म्हटलं की लोकांना बांध कोरणं, मोजणी, कोर्टकचेरी असलं काहीतरी आठवतं. आमचं तसं नाही. बेंबळीच्या शिवारात आमचा बांध एक, त्यावरचं बोरीचं झाड अर्धं त्यांचं अर्धं माझं, आणि भांडण होतं ते फक्त माझ्या चपलांवरून. मी नोकरीपायी धाराशिवला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर येतो. गाडीतून उतरलो की अण्णांची नजर सरळ खाली. कधी आलास नाही, बरा आहेस का नाही. “बापू, असल्या सपाता घालून रानात आलास? बोटं काय भाड्यानं आणलीत का?” मग ते मला शेडकडे नेतात. दाराशी जुन्या बुटांची रांग आहे, आठवडी बाजारांतून जमवलेली, लहानमोठ्या सगळ्या मापांची. त्यातला एखादा जोड चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. लाईट दुरुस्त करायला आलेला वायरमन, मतं मागायला आलेले पुढारी, सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी, सगळ्यांना ते बूट घातलेले मी पाहिले आहेत. गुरुजींच्या वाट्याला दोन्ही डाव्या पायाचे आले होते, तरी त्यांनी शेडची पूजा यथासांग केली.

एवढी काळजी कशाची, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या वजनांची. ज्यांचा रानाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांगरताना मागचं चाक जागच्या जागी गरगरू नये म्हणून त्याला बिडाच्या जाड, गोल चकत्या बोल्टांनी आवळतात. एकेक चकती सिमेंटच्या पोत्याएवढी जड. नांगरट संपली की त्या काढून ठेवायच्या, नाहीतर पेरणीला माती दबते आणि डिझेल फुकट जाळावं लागतं. गावातले बाकीचे लोक एकतर त्या बारा महिने चढवूनच ठेवतात, नाहीतर काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवतात आणि विसरून जातात. भिंतीला टेकवलेलं वजन आणि मोकळा सुटलेला मारका बैल यांत अण्णा बैलाच्या बाजूचे आहेत, कारण बैल निदान आधी फुरफुरतो.

अण्णांची चार वजनं शेडच्या कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, बाभळीच्या फळ्यांवर आडवी असतात. काळ्या मातीवर ठेवायची नाहीत, कारण रुततात आणि काढताना बोटं खाली सापडतात. वर बारदान पांघरलेलं, बोल्ट तेलाच्या डब्यात. “उभं म्हंजी पडायला मोकळं,” हे त्यांचं तत्त्व, आणि ते वजनांपाशी थांबलेलं नाही. घरातली शिडी आडवी, पहार आडवी, पाहुण्यांच्या गाद्या आडव्या, खराटासुद्धा आडवा. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा वैतागून म्हणाल्या, “आमच्या घरात माणसं आन गॅसची टाकी सोडली तर सगळं आडवं हाय. आन टाकीवर बी ह्यांचा डोळा हाय!”

अण्णांच्या पायावर कधीतरी वजन पडलेलं असणार, असा सगळ्या गावाचा पक्का समज. मीही एकदा भीतभीत विचारलं. अण्णांनी तिथल्या तिथं दोन्ही बूट काढले, मोजे काढले आणि दहाच्या दहा बोटं माझ्यासमोर हलवून दाखवली. “पडल्यावर शानं व्हायला कुनालाबी येतं, बापू,” असं म्हणून त्यांनी पुन्हा मोजे चढवले.

त्यांचे तेरखेड्याचे एक मावसभाऊ आहेत. फटाक्यांच्या कामात हयात गेलेली, त्यामुळे माणूस कशाला भीत नाही. एकदा ते आले असताना अण्णा विहिरीवर होते. पाहुण्यांना वाटलं, तेवढ्यात आपण एक वजन शेडमधून ट्रॅक्टरपर्यंत नेऊन ठेवावं. चकती गोल, अंगण उताराचं. पाहुण्यांनी ती उभी करून लोटली. वजन दहा पावलं शहाण्यासारखं गेलं आणि मग त्याला स्वतःचा विचार सुचला. वाटेत कोंबड्यांचं खुराडं, मग काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया, मग माझ्या मेथीचे वाफे, असं करत ते आमच्या बोरीला जाऊन थडकलं. कोंबड्या शाबूत राहिल्या, पण त्यानंतर कित्येक दिवस त्या शेडकडे पाठ करून दाणे टिपत. अण्णा धावत आले. पाहुणे म्हणाले, “आरं, म्या दारूकामातला मानूस, एवढ्या लोखंडाला काय भ्यायचं?” अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, तुमच्या फटाक्याला वात तरी असती. पेटली की पळायला येळ मिळतो. ह्याला वात न्हाय.” बोरीच्या खोडाला त्या वजनाचा वण अजून आहे, आणि तो वण त्यांच्या अर्ध्यात की माझ्या अर्ध्यात यावर आम्ही अजून हसतो.

वजनाला हात लावायचा तर दोघांनी, हा अण्णांचा कायदा. एकट्यानं नाही, मग तो पैलवान का असेना. आणि काम तीन शब्दांवर चालायचं. धर, उचल, ठेव. हे तीन शब्द फक्त अण्णांनी उच्चारायचे, समोरच्यानं कान देऊन ऐकायचे. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की सप्ताहाच्या पंगतीत आमटीचं मोठं पातेलं चुलवणावरून उतरवताना लोकांनी अण्णांनाच पुढं केलं. त्यांनी आधी सगळ्या आचाऱ्यांचे पाय तपासले. दोघांना बूट आणायला घरी धाडलं. ते येईपर्यंत आमटी खाली लागली. त्या दिवशी गावानं करपट आमटी खाल्ली, पण अण्णा पंगतीतून ताठ मानेनं सांगत फिरत होते की कुणाच्या पायावर थेंब पडलेला नाही.

असल्या माणसाबरोबर वजनाचं दुसरं टोक धरणार कोण? अण्णांना पसंत पडलेलं माणूस सगळ्या गावात एकच होतं, ते म्हणजे त्यांची एकुलती एक लेक अश्विनी. पोरगी कृषी पदविका झालेली, अंगानं काटक, आणि लक्ष असं की अण्णांनी श्वास आत घेतला की हिला कळायचं, आता ‘उचल’ येणार. दोघं समोरासमोर गुडघ्यात वाकायचे. पाठ सरळ, पाय मागे, हातात कातडी हातमोजे. ते बघताना मला नेहमी दोन माणसं जुन्या ओळखीचं गाणं म्हणतायत असं वाटायचं. बाकी वेळी दोघांचं फारसं बोलणं नसे. बापलेकीचं जे काही बोलणं होतं ते बहुधा त्या तीन शब्दांतच उरकत असावं.

अश्विनीचं लग्न जमलं तेही असंच. पाच-सहा स्थळं आली आणि गेली. अण्णा प्रत्येकाला शिक्षण विचारत, जमीन विचारत, आणि मान हलवून नाही म्हणत. मग नळदुर्गकडचा एक मुलगा आला. पोहे झाले, पाणी पिऊन त्यानं जड तांब्या खाली ठेवला. ठेवताना पाय जरासा मागे घेतला. बस्स. अण्णा आत येऊन काकूंना म्हणाले, “पोरगं पाय मागं घेऊन तांब्या ठेवतंय. द्यायला हरकत न्हाय.” वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि अण्णा गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होते, “गतिरोधक दिसला की गेर उतरव, हिसका द्यायचा न्हाय, मागं मानूस बसलंय.” ड्रायव्हर मान डोलवत होता. अण्णांचं वाक्य काही संपत नव्हतं.

खरी अडचण मृगाच्या तोंडावर उभी राहिली. नांगरट झालेली, पेरणी आली, आणि वजनं चाकावरच. काढायची तर दुसरं टोक धरायला कुणी नाही. काकू म्हणाल्या, “म्या धरते.” अण्णा म्हणाले, “तू ‘ठेव’ म्हनायच्या आदीच ठेवतीस. लगीन झाल्यापासून बघतोय.” पुतण्या आला, त्याला बूट आखूड झाले म्हणून परत पाठवला. मग मी पुढं झालो. मला आधी वाळूच्या पोत्यावर परीक्षा द्यावी लागली. धर झालं, उचल झालं, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती भुवई हलली. अण्णांनी पोतं ठेवायला लावलं. “बापू, तू मानूस लाखाचा हायेस. पर ध्यान लई हलकं.”

शेवटी त्या पठ्ठ्यानं काय करावं? स्वतःचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, आणि पेरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणला! गाव पोट धरधरून हसलं. पारावर दुसरा विषय उरला नाही. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी काकू बांधावर मला हळूच म्हणाल्या, “हसू नका बापू. मानूस मिळंना असं न्हाय. पोरीची जागा दुसऱ्याला द्यायची न्हाय त्यास्नी. ती येईपर्यंत ती वजनं तशीच ऱ्हातील.” मग माझं हसू आपोआप आवरलं.

श्रावण लागला. लेकीची पहिली पंचमी. अण्णा रोज शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारत आणि बाहेर येत. सासरहून निरोप येईना. सासूबाईंचं पथ्यपाणी चालू आहे असं कळलं होतं, त्यामुळे पाठवतील की नाही याचा भरवसा नव्हता. अण्णा कुणाला काही विचारत नव्हते, पण अश्विनीचे बूट त्यांनी बाहेर काढून, पुसून, रांगेत पहिले ठेवले होते. तिला भाऊ नाही, तेव्हा आणायला जाणारा मुराळी मीच झालो. पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी काढून नळदुर्गला गेलो. कसं विचारावं, हे वाटेत मनात घोकत होतो. पण दारातच जावई हसत म्हणाले, “अण्णांच्या ट्रॅक्टरची बातमी धाब्यावरच्या लोकांनीबी सांगितली आमाला. आईचं म्या बघतो. घेऊन जावा हिला, न्हायतर हरभऱ्यालाबी भाड्याचाच आनतेल.”

अश्विनी गाडीतून उतरली. हातभर हिरव्या बांगड्या, हातावर ओली म्हणावी इतकी ताजी मेंदी. अण्णांनी आधी तिच्या पायांकडे बघितलं. मग बराच वेळ तोंडाकडे. तिनं बूट चढवले, बांगड्यांवर फडकं गुंडाळलं, हातमोजे घातले. चाकाला दगड लागले, बोल्ट सुटले, आणि शेडमध्ये पुन्हा ते तीन शब्द ऐकू यायला लागले. धर. उचल. ठेव. पहिलं वजन फळीवर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. अण्णांचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खणखणीत होत होता. दारात काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

चौथं वजन दोघांनी उचललं, फळीपर्यंत आणलं. दोघं गुडघ्यात वाकले. आणि अण्णा गप्प.

मला वाटलं, पाय बघतायत. पण ते लेकीकडे बघत होते. हे वजन टेकलं की काम संपणार होतं, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. फडक्याखाली बांगड्या बारीक किणकिणत होत्या. ‘ठेव’ म्हटल्याशिवाय ठेवायचं नाही, म्हणून तीही तशीच धरून वाकलेली.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “ठेव म्हना की. दिवाळीला चढवायला येनारच हाय म्या.”

“येशील न्हवं?”

“येते की.”

“ठेव,” अण्णा म्हणाले. दोघांनी पाय मागे घेतले आणि वजन अलगद फळीवर आडवं ठेवलं.